पक्ष बदलला की अर्थव्यवस्था बदलते का?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला निवडणुकीच्या दिवसांत हा प्रश्न हमखास येतो : कोणता पक्ष सत्तेवर असला की देशाचे आर्थिक बरे चालते? माझ्या मते विकासदराच्या आकड्यावरून पक्षाची परीक्षा करणे न्यायाचे नाही, कारण तो आकडा पाऊसपाणी, खनिज तेलाचा भाव आणि जगातील मागणी यांवर फार अवलंबून असतो. २०१४ च्या मध्याला पिंपामागे शंभर डॉलरच्या वर असलेले तेल जानेवारी २०१६ मध्ये तीस डॉलरच्या खाली आले, यात कोणत्याही पक्षाचे कर्तृत्व नव्हते. मात्र त्याच काळात केंद्राने पेट्रोल-डिझेलवरील उत्पादन शुल्क वारंवार वाढवले आणि स्वस्ताईचा मोठा वाटा ग्राहकाऐवजी तिजोरीत गेला, हा निर्णय पूर्णपणे राजकीय होता. सरकारचा हात शोधायचा तो इथे, भार कोणावर आणि लाभ कोणाला हे ठरते तिथे.

आणि तिथेही पक्षाच्या नावावरून उत्तर मिळेलच असे नाही. कांद्याचेच पाहा. डिसेंबर २०१० मध्ये शहरांत भाव कडाडले तेव्हा संयुक्त पुरोगामी आघाडीच्या सरकारने निर्यात थांबवली; २०१९, २०२० आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये भाजपच्या नेतृत्वाखालील सरकारने तेच केले. डिसेंबरात नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या बाजार समितीत येतो तो लाल कांदा, आणि तो टिकत नाही. उन्हाळ कांदा असता तर शेतकऱ्याने तो कांदाचाळीत, म्हणजे हवेशीर साठवणघरात, भरून चार महिने भावाची वाट पाहिली असती. लाल कांदा मात्र काढला की विकावाच लागतो, मग त्या दिवशी लिलावात जो पुकारा होईल तो घ्यायचा. निर्यातबंदीचा घाव नेमका अशा वेळी बसला, आणि १९९८ साली दिल्ली राज्यातील भाजपची सत्ता जाण्यात कांद्याच्या महागाईचाही हात होता, हे दोन्ही बाजूंच्या नेत्यांना चांगले ठाऊक असल्यामुळे शहरी ग्राहकाला दुखावण्याची हिंमत कोणीच केली नाही. मला हा उत्पादकावर झालेला उघड अन्याय वाटतो.

याच्या उलट उदाहरणही महाराष्ट्रातलेच आहे. १९७२ च्या दुष्काळात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेसाठी १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. मुंबई-पुण्यातील नोकरदाराच्या पगारपत्रकावर आजही महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, ते याच करापोटी. रोजगार हमीचा कायदा काँग्रेसच्या राजवटीत १९७७ मध्ये मंजूर झाला आणि लागू झाला २६ जानेवारी १९७९ रोजी, म्हणजे जनता पक्षाचा सहभाग असलेल्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) आघाडी सरकारच्या काळात. सरकार बदलले, तरी शहराच्या कमाईतून गावातील मजुराला काम देण्याची ही व्यवस्था मोडली नाही, कारण दुष्काळ पाहिलेल्या गावांचा रेटा कोणत्याच पक्षाला टाळता येण्याजोगा नव्हता. तसा रेटा कांदा उत्पादकांना केंद्र सरकारवर अजून आणता आलेला नाही.