उणे चौऱ्याऐंशी

ताई माझ्या खोलीच्या दारात आल्या तेव्हा त्यांच्या हातात इडलीचं पार्सल होतं, अजून कोमट. मागे सुरक्षेचे मामा उभे. मामाच बोलले, "साहेब, यांचे वडील सापडेनात. पाऊण तास झाला. फोन केला तर संपर्क क्षेत्राच्या बाहेर सांगतंय."

सोलापुरातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयाचं नेटवर्क मी सात वर्षं सांभाळतोय. ६४ अॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणाऱ्या पेट्या, आणि त्या सगळ्यांवर नजर ठेवणारा एक कंट्रोलर. वॉर्डातून गायब झालेला टॅब मी मागच्या महिन्यात वायफायवरून शोधून दिला होता, ते मामांच्या लक्षात राहिलेलं. म्हणून ते ताईंना घेऊन माझ्याकडे आले.

तात्यांचं, म्हणजे ताईंच्या वडिलांचं, वय ७६. गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. चार वर्षांपासून स्मरण गेलेलं, त्यात जुना मधुमेह. सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं. मग ताईंनी त्यांना खाण्याआधीचं इन्सुलिन टोचलं आणि "इथंच बसा, मी काहीतरी खायला आणते" म्हणून कॅन्टीन गाठलं. तिथे रांग होती. परत आल्या तर बाकडं रिकामं. इन्सुलिन दिलं होतं ११ वाजून १० मिनिटांनी. माझ्या भिंतीवरच्या घड्याळात १२ ला पाच मिनिटं कमी होती. पोटात कण नाही आणि इन्सुलिनचा अंमल चढत चाललाय, म्हणजे रक्तातली साखर जिवावर बेतेल इतकी खाली जाऊ शकते, हे रुग्णालयात काम करणाऱ्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

कॅमेऱ्यात तात्या ओपीडीच्या कोपऱ्यावरून जुन्या दगडी इमारतीकडे वळताना दिसत होते. त्यापुढे कॅमेरा नाही. फाटकाच्या कॅमेऱ्यात मात्र ते कुठेच नव्हते, म्हणजे आवाराबाहेर गेलेले नव्हते. जुन्या इमारतीचे तीनही मजले मामांच्या माणसांनी हाका मारत फिरून पाहिले होते.

ताईंनी फोनच्या खोक्याचा फोटो पुढे केला. "दादा, हा आयएमईआय नंबर. यावरून पोलीस शोधतात ना?" बरोबर होतं त्यांचं, पण आयएमईआय म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र नंबर, तो मोबाइल कंपनीच्या टॉवरला कळतो. वायफायपुढे फोन आयएमईआय सांगतच नाही. तिथे ओळख मॅक अॅड्रेसची, म्हणजे फोनच्या वायफायला दिलेल्या पत्त्याची, आणि हल्लीचे फोन तीही खरी देत नाहीत. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून प्रत्येक नेटवर्कसाठी फोन एक बनावट पत्ता तयार करतो. पत्त्यात दुसऱ्या जागी २, ६, ए किंवा ई असलं की समजायचं, हा कारखान्यातून आलेला नाही. खासगीपणासाठी ही सोय चांगलीच आहे, पण त्या दिवशी फोनच्या कागदपत्रांवरून काही हाती लागणार नव्हतं.

मी विचारलं, "तात्यांचा फोन आमच्या वायफायला जोडला होता का?"

"हो. सकाळी कीर्तन लावून दिलं होतं त्यांना."

पाहुण्यांच्या वायफायला मोबाइल नंबर टाकून ओटीपी द्यावा लागतो, त्यामुळे नंबरासमोर त्या वेळचा पत्ता, मग तो बनावट का असेना, नोंदलेला असतो. शोधायच्या आधी मी मेडिकल सुपरिंटेंडेंट मॅडमना फोन लावला. माणसाच्या फोनचा माग काढणं मी कुणाच्याही तोंडी सांगण्यावरून करत नाही. बायको कुठल्या मजल्यावर आहे ते सांगा म्हणणारे नवरे माझ्या खोलीतून हात हलवत परत गेलेत. मॅडम म्हणाल्या, "ताबडतोब करा, मी कॅज्युअल्टीला तयार राहायला सांगते." ताईंनी कागदावर दोन ओळी लिहून सही केली.

तात्यांचा नंबर टाकला तर नोंदच नाही. ताईंना आठवलं, की तात्यांना ओटीपी वाचता येत नाही म्हणून त्यांनी स्वतःचाच नंबर टाकला होता. तो टाकला आणि एक ओळ आली: तळमजला, ओपीडीच्या मागची बाजू, सिग्नल उणे ४९. इतका ताकदीचा सिग्नल म्हणजे माणूस अॅक्सेस पॉइंटच्या अगदी जवळ. मी मामांना वॉकीटॉकीवर सांगितलं आणि ते त्या बाजूला पळाले. तीन-चार मिनिटं गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की तो अॅक्सेस पॉइंट माझ्याच खोलीबाहेरचा आहे. आम्ही ताईंच्या हातातला फोन शोधत होतो. एका नंबरावर दोन फोन जोडलेले होते आणि मी यादी पुढे सरकवून पाहिलीच नव्हती. ती तीन-चार मिनिटं मला अजून टोचतात.

"ताई, तुमच्या फोनचं वायफाय बंद करा." त्यांनी बंद केलं. एक ओळ पुसट झाली. जी उरली ती तात्यांची.

जुनी इमारत, तळमजला, मधला बोळ. सिग्नल उणे ७१. पण त्यापुढे लिहिलं होतं, शेवटची हालचाल ९ मिनिटांपूर्वी. इथे खूप जण फसतात. कंट्रोलर दाखवतो तो आकडा आत्ताचा असेलच असं नाही. फोन खिशात असला की वीज वाचवायला वायफाय झोपतं, आणि जे बोललंच नाही त्याचा आवाज अॅक्सेस पॉइंट मोजणार कसा? फोनला बोलतं करायला हवं होतं. साधा कॉल टॉवरवरून जातो आणि तो तर लागतच नव्हता. मी म्हणालो, "व्हॉट्सअॅपवर कॉल करा. आणि ताई, तुमचं वायफाय नको, मोबाइल डेटावरून करा."

पडद्यावर आधी 'कॉलिंग' होतं. दोन-तीन सेकंदांत ते 'रिंगिंग' झालं. हा शब्द बदलतो तो कॉल समोरच्या फोनपर्यंत पोचल्यावरच. म्हणजे फोन जिवंत होता आणि आमच्याच वायफायवर होता. ताईंनी तोंडावर पदर धरला. उचलत मात्र कुणी नव्हतं. फोन सायलेंटवर होता, ओपीडीतल्या पाटीनुसार ताईंनीच केलेला.

आता ताजा आकडा आला. उणे ८४, आणि तोही २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे वायफायच्या जास्त लांब पोचणाऱ्या लहरीवर.

मोजायची रीत अशी, की शून्याच्या जितकं खाली तितकं क्षीण. दर १० डीबीला, म्हणजे आकडा दहाने खाली गेला की, ताकद दहापट घटते. उणे ४९ आणि उणे ८४ यांत तीन हजारपटींहून जास्त फरक. मामा परत आले होते, ते म्हणाले, "म्हणजे लांब असतील. मागच्या अंगणात, धर्मशाळेकडे." त्यांच्या जागी दुसरा कुणीही हेच म्हणाला असता. टॅब शोधताना मीही तसंच धरून चाललो होतो.

पण आकडा मला पटेना. तात्या अंगणात असते तर तिथल्या खांबावरच्या अॅक्सेस पॉइंटला ते नीट ऐकू आले असते. इतका क्षीण सिग्नल मिळाला की फोन गप्प बसत नाही, आजूबाजूला कोण आहे म्हणून हाळी घालत सुटतो आणि शेजारचे अॅक्सेस पॉइंट ती ऐकून नोंदवतात. मी शेजाऱ्यांची यादी उघडली. पहिल्या मजल्यावरच्याला काही नाही. अंगणातल्याला काही नाही. धर्मशाळेत काही नाही. ६४ कानांपैकी एकालाच हा फोन ऐकू येत होता, आणि त्यालाही जेमतेम.

एकापासून लांब गेलेला माणूस दुसऱ्या कुणाच्या तरी जवळ जातो. हा कुणाच्याच जवळ नव्हता. शिवाय आमच्या आवारात मोबाइलची रेंज चांगली, तरी टॉवरलाही हा फोन सापडत नव्हता. तात्या लांब नव्हते. ते कशाच्या तरी आत होते.

मी इमारतीचा नकाशा काढला. मधल्या बोळात फिजिओथेरपी, कपड्यांचं भांडार, दोन कार्यालयं. दगडी भिंती जाड असल्या तरी दारं लाकडी, त्यांतून लहर आरपार जाते. आणि बोळाच्या टोकाला एक खोली, नकाशावर अजून जुन्याच नावाने: एक्स-रे. यंत्र दोन वर्षांपूर्वी नव्या इमारतीत गेलं. खोलीत आता जुन्या गाद्या. पण एक्स-रे बाहेर पडू नयेत म्हणून दाराला आणि भिंतींना बसवलेला शिशाचा पत्रा कुणी काढलेला नव्हता. शिशाला एक्स-रे काय आणि वायफाय काय, दोन्ही सारखेच. फटीतून जे निसटेल तेवढंच बाहेर.

"एक्स-रेची खोली बघितली का?"

"तिला बाहेरून कडी असते साहेब. आणि आम्ही दारात हाका मारल्या की."

शिशाच्या दारातून हाक तरी कितीशी आत जाणार! मी लॅपटॉप आणि यूएसबीचं वायफाय कार्ड उचललं. नुसत्या नकाशावर विसंबायचं नव्हतं; चूक एकदा झाली होती. कार्ड नुसतं ऐकण्याच्या मोडमध्ये, तात्यांचा फोन ज्यावर बोलत होता त्या चॅनेल ११ वर, आणि गाळणीत तात्यांच्या फोनचा तेवढा पत्ता. ताईंना सांगितलं, कॉल कट झाला की परत लावत राहा. बोळात शिरताना उणे ८० च्या आसपास. कार्ड छातीशी धरून मी जागेवर हळूहळू फिरलो. माणसाच्या अंगात पाणी फार, २.४ गिगाहर्ट्झची लहर ते बरीच शोषून घेतं, त्यामुळे फोन पाठीमागे असला की आकडा पडतो आणि समोर असला की चढतो. भांडाराकडे तोंड केलं, पडला. टोकाकडे केलं, चढला. उणे ७४. उणे ६९. दाराच्या खालच्या फटीशी कार्ड नेलं तेव्हा उणे ५८.

कडी बाहेरून लावलेली नव्हतीच. नुसती लोटलेली. मामांनी खांद्याने दार ढकललं आणि पडद्यावरचा आकडा एकदम उणे ३८ वर आला. तो बघायला मी थांबलो नाही.

तात्या कपडे बदलायच्या आडोशात स्टुलावर बसले होते, भिंतीला टेकून. अंगातून घामाच्या धारा. बंडीच्या खिशात फोन थरथरत होता आणि त्यांचा हात त्यावर होता, जसा दुखऱ्या जागेवर ठेवतात तसा. ताई "तात्या, तात्या" करत खाली बसल्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि जड जिभेने विचारलं, "पाळी सुटली का?"

"सुटली, तात्या," मामा म्हणाले. "चला आता घरी."

सिस्टर ग्लुकोमीटर घेऊन पळत आल्या. साखर ४६, फारच खाली. गिळता येतंय याची खात्री करून साखरेचं पाणी घोट घोट पाजलं आणि ढकलखुर्चीतून कॅज्युअल्टीला नेलं. घड्याळात साडेबारा वाजत होते.

एक गोष्ट मात्र मला त्या रात्री झोपू देईना. वायफाय नीट चालावं म्हणून आम्ही सावकाश वेगाची जोडणी बंद करून टाकतो. दुरून रेंगाळणारे फोन त्यामुळे तुटतात आणि बाकीच्यांना जागा मिळते. नव्या इमारतीत मी हे केव्हाच केलंय. जुन्या इमारतीत ईसीजीची दोन जुनी यंत्रं सावकाश वेगावरच चालतात म्हणून राहिलं होतं, आणि त्याच महिन्याच्या कामांच्या यादीत ते होतं. केलं असतं तर उणे ८४ वरचा तात्यांचा फोन केव्हाच तुटला असता, माझ्या यादीत ती ओळ उरली नसती, आणि आम्ही अंगणात शोधत बसलो असतो. चांगलं नेटवर्क म्हणजे काय, याबद्दल मी जे शिकलोय त्यात असा प्रसंग कुठेच नव्हता. ती वेगमर्यादा मी अजून बदललेली नाही. एक्स-रेच्या खोलीला मात्र दुसऱ्याच दिवशी कुलूप लागलं आणि बोळात कॅमेरा आला.

तात्या सापडले त्या दुपारी अहवाल लिहायला कंट्रोलर उघडला. तात्यांच्या ओळीखाली नवी नोंद पडली होती. १२ वाजून ३८ मिनिटं, कॅज्युअल्टी, ५ गिगाहर्ट्झ, उणे ५१. बाजूला डेटाचा आकडा सरसर वाढत होता. ताईंनी कीर्तन परत लावून दिलं असावं.