दोष उन्हाचा नव्हता

'ताई, आठे देखा जरासं,' म्हणत आमच्या टिश्यू कल्चर लॅबमधल्या (इथं केळीची रोपं बंद बाटल्यांत वाढवतात) अमळनेरकडच्या ऑपरेटरनं बाटली उजेडाला धरली. केळीच्या इवल्या रोपाच्या बुडाशी, एरवी नितळ दिसणाऱ्या मिडियात, म्हणजे रोपाच्या खाद्याच्या जेलीत, पातळ ताकासारखा ढग उतरला होता. मागच्या बाटल्यांतही तेच.

जळगावातला मे महिना. आदल्या दिवशी लाईट गेली, जनरेटरवर दिवे चालले पण एसी बंद पडले. 25 अंशांवर ठेवायची ग्रोथ रूम 35 च्या वर गेली. साहजिकच सगळ्यांनी उन्हाला बोल लावला. मला ते पटेना. उकाड्यात जिवाणू झपाट्यानं वाढतात हे खरं, पण बंद बाटलीत ते आधी शिरलेले तर हवेत!

दाबाच्या वाफेनं मिडिया निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हवर शंका घ्यावी, तर त्याच लॉटच्या बिनरोपाच्या बाटल्या स्वच्छ होत्या. हवेतून आलेली लागण मिडियावर कुठंही ठिपक्यांनी उगवते, बहुधा बुरशीची असते. इथं प्रत्येक ढग बुडालाच चिकटलेला. राहिले चिमटे आणि सुऱ्या. 70 टक्के अल्कोहोलला बॅसिलसचे बीजाणू दाद देत नाहीत, म्हणून आम्ही हत्यारं काचमण्यांच्या स्टरिलायझरमध्ये 250 अंशांवर तापवतो. तरी रजिस्टर काढलं. बाटल्या वेगवेगळ्या ऑपरेटरांच्या, वेगवेगळ्या लॅमिनारवरच्या, म्हणजे गाळलेल्या हवेच्या टेबलांवरच्या. ज्या कोंबापासून ती रोपं वाढवली तो मूळ मुनवा मात्र एकच. हायपोक्लोराइटनं मुनव्याचं वरचं अंग निर्जंतुक होतं, पेशींच्या आड बसलेले जिवाणू तसेच राहतात. कित्येक सबकल्चर, म्हणजे रोपं वेगळी करून नव्या मिडियात लावायच्या फेऱ्या, ते गुपचूप काढतात.

साहेब म्हणाले, 'मिडियात सेफोटॅक्झिम टाकू. केळीच्या कांदेबाग हंगामाच्या ऑर्डरी तोंडावर आहेत.' त्यांची अडचण मला कळत होती. पण अशा वेळी प्रतिजैविकानं बहुतेकदा ढग तेवढा दिसेनासा होतो. औषध थांबलं की जिवाणू पुन्हा डोकं वर काढतात, आणि तोवर एका रोपाची शेकडो झालेली असतात. मी त्याच मुनव्याच्या, नितळ दिसणाऱ्या बाटल्या निवडल्या, रोपांच्या बुडाच्या चकत्या जिवाणू वाढवून बघायच्या न्यूट्रिएंट अगारच्या प्लेटवर घासल्या आणि 30 अंशांवर ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या प्लेटांवर पिवळसर, ओलसर वसाहती होत्या. साहेबांनी प्लेट उलटसुलट करून बघितली आणि त्या मुनव्यापासूनची सगळी लाईन काढून टाकायच्या कागदावर सही केली.

बाटल्या झाकण न उघडता ऑटोक्लेव्हमध्ये घातल्या, 121 अंश, 15 पौंड दाब. आधी बेसिनमध्ये ओतून मग धुणं म्हणजे लागण खोलीभर पसरवणं, हे नव्या मुलींना मी परत परत सांगते. हिरवीगार दिसणारी रोपं अशी शिजवायला जिवावर येतं, तरीही. ज्यांची ऑर्डर लांबली त्या शेतकऱ्यांना त्याच दुपारी फोन केले. रावेरचे एक काका बरेच तापले, मग म्हणाले, 'उशिरा द्या, पण निरोगी द्या.'

आता नवा मुनवा आला की वाढवायला घेण्याआधी त्याची चकती अगारवर जाते. प्लेट कोरी राहिली तरच पुढचं सबकल्चर.