अंड्यात डोळे दिसेपर्यंत

नोथोब्रँकियस गुंथेरी हा पूर्व आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावरचा, किलीफिश (थोडक्यात किली) गटातला मासा. जेमतेम दोन इंचांचा. पावसाने भरलेल्या उथळ डबक्यांत जन्मतो, काही आठवड्यांत वयात येतो, अंडी घालत राहतो आणि डबकं आटलं की संपतो. अंडी मात्र तळाच्या चिखलात जिवंत राहतात. तिकडे वर्षातून दोनदा पाऊस पडतो, मार्च ते मे मोठा ‘मसिका’ आणि ऑक्टोबर ते डिसेंबर लहान ‘वुली’. मधल्या कोरड्या दिवसांत त्या डबक्यात एकही मासा नसतो, असतात ती फक्त मातीत दबलेली अंडी. पुढच्या पावसात तीच फुटतात.

गप्पी, मॉली, एंजल हे सगळे मी पुण्यात घरी पाळले होते. दुकानातून पिशवीत मासा आणायचा, टँकमध्ये सोडायचा, म्हणजे त्याचं अर्धं आयुष्य आपण न बघताच गेलेलं असतं. मला एखादा मासा अंड्यापासून म्हातारपणापर्यंत बघायचा होता, म्हणून मी किलीकडे वळले. गुंथेरीची अंडी कुरिअरने आली. तळहाताएवढी झिपलॉक पिशवी, त्यात ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक चिठ्ठी: जातीचं नाव, अंडी गोळा केल्याची तारीख. पाठवणाऱ्याने फोनवर एवढंच सांगितलं की साधारण तीन महिने झाले की भिजवा.

या ‘साधारण’मध्येच सगळा खेळ आहे, आणि मला सांगायचं आहे ते मुख्यतः याबद्दलच. वार्षिक किलीच्या, म्हणजे डबक्याबरोबर आयुष्य संपणाऱ्या अशा किलीच्या, अंड्याची वाढ तीन ठिकाणी थांबू शकते. पहिला थांबा अगदी सुरुवातीला, पेशी अजून विखुरलेल्या असतात तेव्हा. दुसरा मधे, गर्भाला लांबट आकार येऊन हृदय धडधडायला लागल्यावर. तिसरा शेवटी, पिल्लू पूर्ण घडून फुटायच्या तयारीत असताना. एकाच मादीने एकाच दिवशी घातलेली अंडीसुद्धा या थांब्यांवर कमीजास्त वेळ काढतात. अवेळी एखादी सर येऊन डबकं भरलं आणि आठवड्याभरात पुन्हा आटलं, तर सगळीच पिल्लं एकदम बाहेर आलेली असली की अख्खी पिढी गेली. म्हणून काही अंडी पहिल्या पाण्याला फुटतात, काही दुसऱ्या पाण्याची वाट बघतात. शिवाय खोली गरम असेल तर वाढ भराभर होते, गार असेल तर रेंगाळते. पुण्यातला जानेवारी आणि पुण्यातला एप्रिल यांत पिशवीवरची तारीख सारखीच दिसते, आतलं अंडं सारखं नसतं.

तेव्हा तारीख नुसती आठवणीपुरती. बघायचं ते अंडं. मी पांढऱ्या ताटलीत चिमूटभर कोकोपीट पसरते, मोबाईलचा टॉर्च बाजूने मारते आणि घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन बसते. अंडं एक मिलिमीटरच्या आसपास. सुरुवातीला नुसतं पिवळसर पारदर्शक, आत तेलाचे थेंब. कित्येक आठवडे त्यात काहीच घडत नाही असं वाटतं. मग एक दिवस आतल्या कडेने वळलेली एक रेघ दिसते. त्यानंतर दोन काळे ठिपके. हे डोळे. इथेच लोक घाई करतात. ठिपके दिसले म्हणजे पिल्लू तयार झालं असं नाही. ते ठिपके मोठे होतात, बाहुलीभोवती सोनेरी कडी उमटते, आणि पिल्लाने अंडं इतकं भरून टाकलेलं असतं की आत मोकळी जागा उरत नाही. टॉर्च जवळ नेला की डोळा हलताना दिसतो. बहुतेक अंडी अशी दिसायला लागली की भिजवायची, मग चिठ्ठीवर काहीही लिहिलेलं असो.

अंड्याचं कवच चांगलं कडक असतं, चिमटीत धरून हलकं दाबलं तरी फुटत नाही. जे पांढरं पडलं, ते गेलं. ते चिमट्याने लगेच बाहेर काढायचं, नाहीतर त्याची बुरशी शेजारच्या अंड्यांना लागते.

आमच्या घरी या पिशव्या देवघराशेजारच्या आतल्या कपाटात असतात, कारण घरात सगळ्यांत कमी तापमान चढतं ते तिथे. सासूबाईंनी एकदा पिशवी उजेडाकडे धरून विचारलं, “अगं, यात मासे आहेत म्हणतेस, मग पाणी कुठाय?” मी भिंग त्यांच्या हातात दिलं. त्या बराच वेळ बघत होत्या. “आई, डोळे दिसले का?” “दिसले. आणि माझ्याकडेच बघतायत.” त्या दिवसापासून पिशव्यांवर माझ्याइतकीच त्यांचीही नजर असते.

भिजवायला पाणी गार लागतं, 18 ते 20 अंशांचं. पहिल्या पावसाचं पाणीही तसंच गार असतं. मी आदल्या दिवशी माठात भरून ठेवलेलं पाणी घेते, तोवर त्यातला क्लोरिनही उडून गेलेला असतो. उन्हाळ्यात त्यात फ्रिजमधलं थोडं मिसळते. पसरट ट्रेमध्ये कोकोपीट टाकून चारेक सेंटिमीटर पाणी, त्याहून जास्त नाही. पिल्लू बाहेर आलं की त्याला पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घ्यावा लागतो, त्यानेच पोटातली हवेची पिशवी भरते. पाणी खोल असलं तर काहींना ते जमत नाही आणि ती तळाशी पोट घासत सरपटत राहतात. अंडी फार लवकर किंवा फार उशिरा भिजवली तरी असंच होतं. अशी पिल्लं सहसा जगत नाहीत. बघवत नाही, पण वाढवून उपयोगही नसतो.

तयार अंडी असतील तर काही तासांत हालचाल सुरू होते. अंड्यात गुंडाळलेलं पिल्लू एक गिरकी घेतं, थांबतं, पुन्हा गिरकी घेतं, आतल्या स्रावाने कवच ढिलं पडत जातं आणि ते सुटतं. पाण्यात प्राणवायू कमी असला की फुटायला जोर येतो, म्हणून या टप्प्यावर एअर पंप लावायचा नाही. पिल्लं निघाली की ड्रॉपरने उचलून दुसऱ्या भांड्यात घ्यायची, आणि उरलेलं कोकोपीट फेकायचं नाही! पुन्हा निथळून, सुकवून पिशवीत भरायचं, काही आठवड्यांनी परत भिजवायचं. दुसऱ्या पाण्याला निघालेली पिल्लं माझ्याकडे पहिल्यांपेक्षा जोमदार निघाली आहेत.

आता खाणं. किलीची पिल्लं सुकं खाणं ओळखतच नाहीत, त्यांना हलणारंच लागतं. गुंथेरीची पिल्लं त्यातल्या त्यात मोठी, पहिल्या दिवसापासून नुकतं निघालेलं आर्टेमिया खातात, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जिवाची पिल्लं. त्यासाठी मी कोल्ड्रिंकची बाटली उलटी टांगते. एक लिटर पाणी, साधारण 25 ग्रॅम खडेमीठ, अर्धा चमचा आर्टेमियाची अंडी, तळापासून जोरात हवा आणि वरून दिवा. 26 ते 28 अंशांना एका दिवसात पिल्लं निघतात. डिसेंबरात पुण्याला एवढी ऊब मिळत नाही, तेव्हा बाटली बल्बजवळ सरकवते. हवा बंद करून तळाशी उजेड धरला की नारिंगी पिल्लं खाली जमतात आणि रिकामी कवचं वर तरंगतात. खालचं तेवढं नळीने काढून, मलमलच्या फडक्यातून गाळून, साध्या पाण्याने धुऊन घालायचं. कवचं पिल्लांच्या पोटात जाता कामा नयेत, आतडं तुंबतं.

सकाळ-संध्याकाळ हे करावंच लागतं. पिल्लं जेवली की नाही हे विचारायला नको, पोटं नारिंगी दिसतात. ज्याचं पोट नारिंगी नाही ते वेगळं काढून बघायचं. इतकं खाल्ल्यावर घाणही तितकीच, म्हणून रोज चौथा हिस्सा पाणी बदलते. नुसता स्पंज फिल्टर लावून भागत नाही. वाढ इतकी वेगाने होते की आठवड्याभरात लहानमोठी निवडून वेगळी करावी लागतात, नाहीतर मोठी लहानांना गिळतात. तीन-चार आठवड्यांत नरांच्या शेपटीवर लाली येते. पूर्ण रंगलेला नर म्हणजे निळसर हिरवं अंग, प्रत्येक खवल्याला लाल कड, छातीवर पिवळी झाक आणि लालभडक शेपटीला काळी किनार. माद्या मात्र करड्या, साध्या. नोथोब्रँकियसच्या, थोडक्यात नोथोच्या, बऱ्याच जातींच्या माद्या इतक्या सारख्या दिसतात की एकदा मिसळल्या की निवडता येत नाहीत, म्हणून एका टँकमध्ये एकच जात ठेवते आणि प्रत्येक पिशवीवर, डब्यावर जात व तारीख लिहून ठेवते.

मोठे झाल्यावर गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या), डाफ्निया (पाण्यातले बारीक किडे) आणि पावसाळ्यात डासांच्या अळ्या. अळ्यांची बादली जाळी बांधून ठेवायची आणि दिवसाआड पूर्ण गाळायची. एकही डास उडता कामा नये, डेंगीच्या दिवसांत तर मुळीच नाही.

व्हेल्वेट हा परजीवीमुळे होणारा रोग नोथोचा हाडवैरी. मासा पंख मिटून बसतो, दगडाला अंग घासतो, टॉर्च मारला की अंगावर पिवळसर बारीक पूड दिसते. ती दिसेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो. चार लिटरला एक सपाट चमचा मीठ पाण्यात कायम असलं की हा त्रास बराच टळतो. हे मासे तेवढं मीठ आरामात सोसतात.

अंडी घालायला मी झाकणाला भोक पाडलेला प्लास्टिकचा डबा ठेवते, आत दोन बोटं कोकोपीट. रोपवाटिकेत कोकोपीटची वीट मिळते तीच, पण ती अनेकदा उकळून, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुऊन. एका नराला दोन-तीन माद्या असाव्यात, नाहीतर तो एकीच्याच मागे लागून तिला दमवतो. नर मादीच्या अंगाला अंग लावतो, पाठीवरचा पंख तिच्यावर टाकतो, दोघं कोकोपीटमध्ये शिरतात, क्षणभर थरथरतात आणि एक अंडं पडतं. एका वेळी एकच. मग पुढची बुडी. आठवड्याने डबा काढायचा, कोकोपीट बारीक जाळीत गाळून हाताने पिळायचं आणि वर्तमानपत्रावर पसरायचं. किती सुकवायचं, हे मला वाटतं सगळ्यांत जास्त चुकतं. पिळून ठेवलेला चहाचा चोथा दुसऱ्या दिवशी जसा लागतो, तेवढा ओलसर. हाताला दमट लागला पाहिजे, पण दाबून पाणी सुटता कामा नये. मग पिशवी, चिठ्ठी, कपाट.

तापमानाबद्दल मी आग्रही आहे. हे मासे 22 ते 24 अंशांत ठेवले तर हळू वाढतात आणि जास्त जगतात. याच कुळातला नोथोब्रँकियस फरझेरी 1968 साली आताच्या झिंबाब्वेतल्या गोनारेझूच्या रानात सापडला. त्याच्या एका वाणाचं आयुष्य टँकमध्येसुद्धा काही महिन्यांचंच असतं, म्हणून म्हातारपण कसं येतं हे अभ्यासायला जर्मनीत कोलोन आणि येना इथल्या प्रयोगशाळांत तो पाळतात. पाणी थोडं गार ठेवल्यावर तो जास्त जगतो हे 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं होतं. 2017 साली कोलोनच्या संशोधकांनी मध्यमवयीन माशांना तरुण माशांच्या आतड्यातले जिवाणू दिले, आणि तेही जास्त जगले. गुंथेरी त्या मानाने दीर्घायुषी, नीट ठेवला तर वर्षभर साथ देतो. पण एप्रिल-मे मध्ये टँक 30 च्या वर गेला की नरांची पाठ लवकर वाकते, रंग उतरतो, अंडी कमी होतात. मी त्या महिन्यांत टँक जमिनीवर उतरवते, उघड्या पाण्यावर छोटा पंखा लावते आणि वर जाळी घालते, कारण किली उडी मारण्यात पटाईत.

उडीवरून सासूबाईंना त्यांच्या राजापूरकडच्या माहेरची विहीर आठवली. पाण्याच्या अगदी वरच्या थरात राहणारा, डोक्यावर चकचकीत ठिपका असलेला मासा. फोटो दाखवल्यावर खात्री झाली, तो आपल्या सह्याद्रीतला, कोकणातला ॲप्लोकायलस लिनिएटस. हाही किलीच, पण वार्षिक नाही. पाणवनस्पतींवर अंडी चिकटवतो, ती पाण्यातच दोन आठवड्यांच्या आसपास फुटतात, सुकवायची भानगड नाही. विहिरीतले डास आवरायला हा आपला मासा आहेच. झांझिबारचा किंवा दुसरा कुठलाही परका मासा कृपया विहिरीत, ओढ्यात, नदीत सोडू नका. जास्त झालेली पिल्लं मी पाळणाऱ्यांनाच देते.

ज्यांना अंडी हवी असतात त्यांना मी आधी एकच काम सांगते. आर्टेमिया आणा आणि ते दोन आठवडे रोज न चुकता काढून दाखवा. ते जमलं की मी पिशवी देते, सोबत भिंगही. सध्या कपाटात गुंथेरीच्या पिशव्यांशेजारी मोझांबिकमधल्या बैरा भागातल्या राकोवी या दुसऱ्या नोथोची एक पिशवी आहे. तिची अंडी सहा महिने किंवा त्याहूनही जास्त घेतात आणि पिल्लं इतकी बारीक की आर्टेमिया त्यांच्या तोंडात मावणार नाही. म्हणून गच्चीत पेंढा घालून इन्फ्युसोरियाचं, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्मजीवांचं, पाणी आत्तापासून लावलं आहे. कालच ताटलीत चिमूटभर पसरून बघितलं, अंडी अजून नुसती पारदर्शक आहेत.