वेग ४९ वरच, दोर मात्र आखूड: स्लॅलमच्या हंगामाची नोंद

या हंगामात वॉटर-स्कीइंगच्या स्लॅलममध्ये (बोटीमागे दोर धरून, एका स्कीवर बोयांना वळसे घालत जायचं) बोटीचा वेग वाढवायचा नाही, हे मार्चमध्येच पक्कं केलं होतं. ताशी ४९ किलोमीटरला कोर्समधले सहाही बोये (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा) भरवशाने व्हायला लागले की इथे मध्य फ्लोरिडातल्या बहुतेक तळ्यांवर पुढची वाट आखलेलीच असते: ५२, मग ५५, आणि आपल्या गटाचा कमाल वेग गाठला की त्यानंतर दोर आखूड करायला घ्यायचा. मी वेग ४९ वरच ठेवला आणि दोर १८.२५ मीटरवरून १६ वर, जूनपासून १४.२५ वर आणला. आमच्या तळ्यावरच्या काही जुन्या मंडळींना हे पटलेलं नाही. मला मात्र आता खात्री वाटते की तिशी-चाळिशीत स्लॅलम शिकायला घेतलेल्यांसाठी हीच वाट बरी. का, ते सविस्तर लिहितो. स्की, फिन (स्कीच्या शेपटाखालचं उभं पातं) आणि बाइंडिंग (पाय स्कीवर धरून ठेवणारे बूट-पट्टे) यांबद्दलही लिहितो, कारण मला सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच होते.

नव्याने आलेल्यांसाठी कोर्स थोडक्यात. लांबी २५९ मीटर. आत शिरायच्या गेटपासून पहिला बोया २७ मीटरवर, पुढे दर ४१ मीटरला एक, असे एकूण सहा, एक उजवीकडे तर एक डावीकडे, आणि सहाव्यापासून बाहेरचं गेट परत २७ मीटरवर. प्रत्येक बोया बोटीच्या रेषेपासून ११.५ मीटर लांब. बोट सरळ मधून जाते, आपण मागे नागमोडी. ४९ ला बोट हा कोर्स १९ सेकंदांत कापते आणि दोन बोयांच्या मध्ये आपल्याला तीन सेकंद मिळतात. ५८ ला तेच आकडे १६ आणि अडीच होतात. ५८ हा खुल्या गटातल्या पुरुषांचा कमाल वेग. महिलांचा आणि पस्तिशी ओलांडलेल्या पुरुषांचा ५५.

दोराला ठरावीक लांबीवर रंगीत फासे असतात: लाल १८.२५, केशरी १६, पिवळा १४.२५, हिरवा १३, निळा १२, जांभळा ११.२५. अमेरिकेत बोलताना सगळे ७५ फुटांतून किती फूट कमी केले तेवढंच सांगतात, म्हणून १६ मीटर म्हणजे ‘बावीस ऑफ’ आणि १४.२५ म्हणजे ‘अठ्ठावीस ऑफ’.

आता मुद्दा. दोर बोटीच्या मधोमध असलेल्या खांबाला, म्हणजे पायलॉनला अडकवलेला असतो. हँडल बोयाच्या रेषेपर्यंत न्यायचं म्हटलं तर १८.२५ मीटरच्या दोराला बोटीच्या रेषेशी ३९ अंशांचा कोन करावा लागतो. १६ ला तो ४६ होतो, १४.२५ ला ५४, १३ ला ६२, १२ ला ७३. हात लांबवून यातले काही अंश वाचतात, पण चढण कशी वाढत जाते ते यातून दिसतं. ११.२५ ला तर दोर बोयापर्यंत पोहोचतच नाही. पाव मीटर कमी पडतो आणि तेवढं अंतर आपल्या अंगाने, लांबवलेल्या हाताने भरून काढायचं असतं. अमेरिकन स्कीअर नेट स्मिथने २०१३ मध्ये ९.७५ मीटरवर अडीच बोये घेऊन विश्वविक्रम केला, तेव्हा दोर बोयाच्या रेषेपेक्षा पावणेदोन मीटर आखूड होता. तो व्हिडिओ मी अजूनही संथ करून बघतो. घाईची एकही हालचाल त्यात सापडत नाही.

स्कीअर म्हणजे पायलॉनला टांगलेला झोपाळा. दोरी आखूड केली की तो लवकर वर चढतो, पण वर पोहोचेपर्यंत दोर ताणलेलाच हवा. लांब दोरावर हे पाळलं नाही तरी निभावतं. बोटीमागे उठणाऱ्या दोन लाटांपैकी दुसरी ओलांडल्यावरही ओढत राहिलं, बोयापाशी जादा वेग घेऊन पोहोचलं, वळताना दोर सैल पडला, तरी पुढचा बोया कसाबसा होतो. १४.२५ वर हे चालत नाही. सैल पडलेला दोर परत ताणला जातो तेव्हा असा हिसका बसतो की आपण पुढच्या टोकावर फेकले जातो. म्हणजे तंत्रातली कच्ची जागा दोर लगेच दाखवून देतो, आणि ४९ ला दाखवतो, जिथे पडलं तरी शरीर सोसतं. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ५५ ला पडणं हे ४९ ला पडण्याच्या सव्वापट भारी आहे, ५८ ला जवळजवळ १.४ पट. सोमवारी सकाळी ऑफिसला जायचं असणाऱ्या माणसाने हा हिशेब केलाच पाहिजे.

विरुद्ध बाजूचाही एक मुद्दा मला मान्य आहे. कमी वेगात बोटीची लाट, म्हणजे वेक, जास्त उंच आणि कडक असते, आणि १६ मीटरवर आपण ती नेमकी तिच्या सगळ्यात वाईट जागी ओलांडतो. एप्रिल-मे हे दोन महिने मला त्या उसळीनेच दमवलं. गुडघ्यांनी ती शोषायला गेलं की स्की सपाट होते आणि धरलेला कोन जातो. त्यावर उपाय एकच सापडला: लाटेच्या आधी नीट झुकलेलं असायचं आणि लाटेवर काहीही करायचं नाही. १४.२५ वर वेक बराच मऊ लागतो. त्यामुळे ‘बावीस ऑफ’ला कंटाळलेल्यांनी तिथेच अडकून न राहता पिवळ्या फाशावर एकदा जाऊन बघावं.

स्पर्धेच्या नियमांचीही या वाटेला साथ आहे. अमेरिकेतल्या नियमांत आता कमाल वेग गाठायच्या आधीच दोर आखूड करायची मुभा आहे आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक पासचे (कोर्समधल्या एका फेरीचे) सहा बोये खात्यात जमा होतात. पूर्वी असं करणाऱ्याला गुणांत काहीच मिळत नव्हतं, म्हणून माणसं तयारी नसताना ५५ ला जाऊन पडायची. गेल्या काही वर्षांतला हा सगळ्यात शहाणा बदल आहे, असं माझं ठाम मत आहे. गेटचा नियम मात्र आहे तसाच कडक राहावा. आत शिरतानाचं गेट चुकलं की सहा बोये फिरून आलात तरी त्या पासचे गुण शून्य. क्लबमध्ये हा नियम शिथिल करायची चर्चा अधूनमधून निघते, त्याला माझा विरोध आहे. गेट हीच पहिल्या बोयाची सुरुवात आहे. गेट वेळेवर घेणाऱ्याला पहिला बोया वेळेवर मिळतो, पहिल्यामुळे दुसरा, आणि उशीर एकदा अंगावर घेतला की तो सहाव्यापर्यंत वाढतच जातो. बोयाचेही पाव, अर्धा, पूर्ण असे तुकडे मोजतात, आणि पूर्ण बोया मिळतो तो वळून, दोर ताणलेला ठेवून, परत बोटीच्या रेषेपर्यंत आलात तरच. हा बारकावा मला फार आवडतो. वळणं पुरेसं नाही, वळून परत यावं लागतं.

तंत्रात या वर्षी तीनच गोष्टींवर काम केलं.

पहिली गेट. डावीकडे बाहेर पडायचं, उंच उभं राहून सरकत राहायचं आणि आत वळायचं ते उजव्या गेट-बोयाला जवळजवळ खेटून जाण्यासाठी. दोन गेट-बोयांच्या मधून आरामात जाणं म्हणजे उशिरा जाणं. आमचा कोच बोटीतून एकच वाक्य ओरडतो, ‘उजवा बोया दिसतोय का?’ बाहेर पडताना मी पुरेसा उंच, म्हणजे बोटीच्या बरोबरीने पुढे गेलेलो असलो, तर आत वळताना घाई करावी लागत नाही. जुलैपासून बाहेर पडायची जागा मी किनाऱ्यावरच्या खुणेवरून न ठरवता बोटीच्या गेटवरून ठरवतो. बोट कुठल्याही तळ्यावर तीच असते, किनारा बदलतो.

दुसरी उभं राहण्याची पद्धत. ‘गुडघे वाका’ हा सल्ला नवशिक्यांना सर्रास दिला जातो आणि मला तो हानिकारक वाटतो. गुडघे वाकवले की कंबर मागे जाते, वजन मागच्या पायावर पडतं आणि बोट आपल्याला ओढते. वाकायला हवा घोटा. घोटे पुढे वाकलेले, गुडघे नुसते सैल, कंबर वर आणि हँडलच्या दिशेने, हात सरळ, खांदे सैल. अशा स्थितीत दोराचा ताण खांद्यांतून कंबर आणि पायांमधून थेट स्कीच्या कडेत उतरतो. जिममध्ये केबल मशीनला हँडल लावून मी ही स्थिती आठवड्याभरात पुन्हा पुन्हा घेतो. पाण्यावर एका पासला १९ सेकंद मिळतात, तेवढ्यात शरीराला नवीन काही शिकवता येत नाही.

तिसरी आणि सगळ्यात अवघड: दुसऱ्या लाटेनंतर हँडल कमरेशी राखणं. माझी न जमणारी बाजू २, ४, ६ ची. त्या बाजूला जाताना लाट ओलांडली की हात आपोआप लांब व्हायचे, दोर मला आतल्या बाजूला खेचायचा आणि मी बोयाकडे अरुंद जायचो. आता कड बदलून स्की माझ्या खालून बाहेरच्या बाजूला सरकेपर्यंत दोन्ही हात हँडलवर आणि कोपरं बरगड्यांशी. हात सोडायचा तो बोटीकडे लांबवत, वळायच्या आधी, सावकाश. यासाठी बरेच पास आम्ही बोयांशिवाय, मोकळ्या पाण्यावर केले. बायको बोटीत निरीक्षक म्हणून बसते (फ्लोरिडात चालकाखेरीज दुसरा माणूस किंवा मागचं दाखवणारा रुंद आरसा बोटीत असावाच लागतो) आणि फोनवर चित्रण करते. ऑगस्टमधली आणि मेमधली चित्रफीत शेजारी लावली तर चौथ्या बोयाला मी साधारण एक स्कीभर लवकर वळतो आहे. बोया मोजण्यापेक्षा हा फरक मला जास्त मोलाचा वाटतो. वळताना नजर बोयावर नको, बोटीच्या पलीकडच्या मोकळ्या पाण्यावर हवी, हेही याच काळात अंगवळणी पडलं.

आता साहित्य. माझी स्की ६७ इंची, वजन ७८ किलो. ४९ ला शर्यतीची अरुंद स्की पाण्यात खोल बसते आणि वळणात अडकते, म्हणून मी मधल्या रुंदीची घेतली. पूर्ण कार्बनची स्की हलकी आणि तरतरीत असते हे खरं, पण या वेगाला तिच्या किमतीचा मोबदला मिळत नाही. एका विक्रेत्याने मला ५८ ला चालणाऱ्यांसाठीची स्की गळ्यात मारायचा फार प्रयत्न केला. आपला वेग, आपलं वजन सांगून आठवडाभर वापरून बघायला देईल त्याच्याकडूनच घ्या.

फिनबद्दल माझं मत सगळ्यांना माहीत आहे, तरी परत लिहितो. फिनची खोली, लांबी आणि शेपटापासूनचं अंतर हे तीन आकडे कॅलिपरने इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. खोली अडीच इंचांच्या आसपास, लांबी पावणेसातच्या वर, शेपटापासूनचं अंतर पाऊण इंचाच्या जवळ, वर छोटा पंख सात ते नऊ अंशांवर. खोली वाढवली की शेपूट जास्त धरतं, लांबी वाढवली की स्कीचं टोक जास्त पकडतं. इंचाच्या शंभराव्या भागाएवढा बदल चांगल्या स्कीअरला जाणवतो, यावर माझा विश्वास आहे. पण तो जाणवायला दर पासला आपण त्याच जागी उभे असायला हवं. जोवर माझं वजन एका वळणात पुढे आणि दुसऱ्यात मागे असतं, तोवर फिन हलवून मिळालेलं उत्तर कशाचं आहे ते कळणारच नाही. म्हणून कंपनीने दिलेले आकडे लावले, कागदावर लिहून पेटीत ठेवले आणि पूर्ण हंगाम स्क्रूला हात लावला नाही. फक्त महिन्यातून एकदा मोजून घेतो, कारण स्क्रू सैल पडून फिन हलू शकतं.

झीरो ऑफचंही तेच. जीपीएसवर बोटीचा वेग राखणारी ही यंत्रणा स्कीअरने ओढल्यावर किती लवकर आणि किती जोरात प्रतिसाद देते, ते अक्षर आणि आकड्याने ठरतं. ए१ सगळ्यात मवाळ, सी३ सगळ्यात कडक. बी२ लावा आणि विसरून जा.

बाइंडिंगमध्ये मात्र मी बदल केला, सुरक्षिततेसाठी. एक पाय सुटला आणि दुसरा अडकून राहिला, तर घोटा पिरगळतो. पुढे सुटणारा कडक बूट आणि मागे नुसता पट्टा, ही जोडी मी घेतली. पडल्यावर पुढचा बूट पाय घेऊन स्कीपासून वेगळा होतो आणि मागचा पाय पट्ट्यातून निसटतो. सुटण्याचा ताण किती ठेवायचा ते जाणत्या माणसाकडूनच बसवून घ्या आणि बूट दर वेळी हाताने ओढून तपासा. मागच्या पट्ट्यामुळे टाच उचलता येते आणि घोटे वाकवणं सोपं जातं, हा वरचा फायदा.

सप्टेंबरच्या स्थानिक स्पर्धेत ४९ ला १६ मीटरचा पास पूर्ण झाला आणि १४.२५ वर साडेचार बोये मिळाले. पाचव्याला दोर सैल पडला, पण गेट दोन्ही वेळा पहिल्या नजरेत मान्य झालं. आता हिवाळ्यात तळं गार होईल, वेटसूट चढेल आणि अंग आखडेल, तेव्हा डिसेंबरपर्यंत १४.२५ वर फक्त २, ४, ६ चं वळण. फेब्रुवारीत पिवळा पास तीन वेगवेगळ्या दिवशी पूर्ण झाला तर हिरव्या फाशावर, १३ मीटरला जाईन. ५२ त्यानंतर. तेरा मीटरला ४९ वर कुणी काम केलं असेल तर स्कीची रुंदी आणि पुढच्या बाइंडिंगची जागा जरूर कळवा. रुंद स्की तिथे आडवी फिरते की नाही, यावर आमच्याकडे दोन तट आहेत.