शोकेसमधले कासव

घरी पहिल्यांदा येणारा पाहुणा चहाचा कप घेऊन दिवाणखान्यातल्या शोकेसपाशी उभा राहिला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. पितळी समया, आजोबांचे घड्याळ आणि भावाला मिळालेल्या दोन ढाली यांच्या बरोबर मध्ये हे शिंपल्यांचे कासव कशासाठी ठेवले आहे? काही जण संकोचाने विचारतात, तर काही जण असली वस्तू गणपतीपुळ्याच्या कुठल्याही दुकानात मिळते असे सांगून टाकतात. तुम्हीही परवा विचारलेत, आणि ‘आईचे आहे’ एवढेच सांगून मी विषय बदलला. उत्तर त्याहून बरेच मोठे आहे, म्हणून ते लिहूनच काढते आहे.

आधी कासव कसे आहे ते सांगते. पाठीला तपकिरी-काळ्या ठिपक्यांची एक मोठी कवडी आहे, पायांना चार छोटे शिंपले आहेत, मानेला बारीक तारेची स्प्रिंग आहे आणि तिच्या टोकावर निमुळत्या शंखाचे डोके बसवले आहे. डोळ्यांच्या जागी काळे मणी चिकटवलेले असून तिथला गोंद ओघळून आता पिवळा पडला आहे. डोक्याला बोट लावले की ते बराच वेळ हलत राहते. पाठीवर लाल ऑइलपेंटने ‘गणपतीपुळे’ असे लिहिलेले आहे. लिहिणाऱ्याने सुरुवात ऐसपैस केली, त्यामुळे ‘पु’पर्यंत येता येता जागा संपली आणि ‘ळे’ हे अक्षर कवडीच्या उतारावरून घसरून जवळजवळ पायापाशी गेले.

जाणकार पाहुण्यांनी मला हेही सांगितले आहे की ही कवडी पुळ्याच्या समुद्रातली नव्हेच. ते खरे आहे. ठिपक्यांची ही मोठी कवडी प्रवाळाच्या समुद्रात, म्हणजे लक्षद्वीप, अंदमान किंवा मन्नारच्या आखाताकडे सापडते. पुळ्याच्या वाळूत दिवसभर शोधले तरी ती मिळणार नाही. पण आमच्या घरातही सगळी माणसे कुठून ना कुठून आलेलीच आहेत, आणि म्हणून कासवाचे पुळ्याशी असलेले नाते मला कधी कमी वाटले नाही.

हे कासव १९८६ च्या मे महिन्यातले आहे. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. कोकण रेल्वे पूर्ण सुरू व्हायला १९९८ साल उजाडायचे होते, त्यामुळे मुंबईहून कुडाळजवळच्या आमच्या गावी दर वर्षी काकांच्या अ‍ॅम्बॅसिडरमधून, तेव्हाच्या राष्ट्रीय महामार्ग १७ वरून आम्ही जात असू. आता त्या रस्त्याचा क्रमांक ६६ आहे. कर्नाळ्याचा सुळका आधी कोणाला दिसतो यावर आम्हा मुलांची भांडणे होत. पेणला रंग न दिलेले पांढरे गणपती ओळीने वाळत ठेवलेले दिसत आणि वडखळला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या असत.

आईला गाडी लागत असे. आवळासुपारी, लिंबू, खिडकीची जागा यांपैकी कशाचाही कशेडी घाटापुढे उपयोग होत नसे, आणि म्हणून गाडी कुठे थांबवायची हे त्या एका रस्त्यापुरते आईच्या हातात आले होते. मुंबईच्या दोन खोल्यांत तिला असा अधिकार नव्हता. गावी पोचल्यावर तर ती पाय धुऊन थेट चुलीपाशी जाई, ती परतीच्या दिवशीच मोकळी होई. या दोन स्वयंपाकघरांच्या मध्ये जवळजवळ पाचशे किलोमीटरचा रस्ता होता, आणि तेवढीच तिची सुट्टी होती. हे मला कळायला फार वर्षे लागली.

थांबण्याच्या जागा तिने ठरवून टाकलेल्या होत्या. परशुराम घाटात खाली वाशिष्ठी आणि चिपळूण दिसू लागले की ती गाडी थांबवायला सांगे. जवळच्या सवतसड्याला मे महिन्यात पाण्याचा थेंब नसे, तरी त्या कोरड्या कातळाकडे बघत ती आम्हाला दोन सवतींची गोष्ट दर वर्षी नव्याने सांगत असे. तुरळला रस्त्यालगत गरम पाण्याचे कुंड आहे. भर उन्हात गरम पाण्यात पाय कशाला बुडवायचे, असे बाबा विचारत. पण ती साडी जरा वर धरून काठावर बसे आणि गंधकाचा वास येणाऱ्या त्या पाण्यात पाय सोडून, कोणाशी न बोलता, डोळे मिटून घेत असे. एका वर्षी रत्नागिरीच्या मत्स्यालयातला देवमाशाचा सांगाडाही तिने आम्हाला दाखवला. एकदा तिच्या हट्टापायी गाडी कुडाळच्या पुढे सावंतवाडीला चितारआळीपर्यंत गेली, तेव्हा लाकडी आंबा तिने किती तरी वेळ हातात धरला आणि किंमत ऐकून परत ठेवला.

निवळी फाट्यावरून गाडी गणपतीपुळ्याकडे वळे ती मात्र काकांच्या नवसामुळे. त्या वर्षी दर्शन झाल्यावर बाबा आणि काका नारळाच्या हिशेबात गुंतले होते आणि आई आम्हाला घेऊन शिंपल्यांच्या दुकानात शिरली. आरसे, होड्या, मोर, दिवे, गणपती असे सगळे शिंपल्यांचेच होते. तिने कासव उचलले, डोक्याला बोट लावले आणि ते हलू लागल्यावर ती मोठ्याने हसली. तिने पैसे दिले ते कमरेच्या बटव्यातून, भाऊबीजेच्या ओवाळणीचे साठवलेले. दुकानदार म्हणाला, “वहिनी, पोटावर नाव लिहून देतो, त्याचे पैसे नाहीत. मुलाचं नाव सांगा.”

आईने जरा थांबून एक नाव सांगितले. ते भावाचे नव्हते, माझे नव्हते आणि तिचे म्हणून आम्हाला माहीत असलेलेही नव्हते.

मी विचारले, “ही कोण?”

ती म्हणाली, “मीच.”

तिचे ते माहेरचे नाव होते. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलेले नवे नाव तिला मिळाले, आणि जुने नाव घेणारी माणसे एकेक करून गेली. दुकानदाराने पाठीवरच्या चुकीवरून धडा घेतला असावा, कारण पोटाकडच्या दातेरी फटीशेजारी त्याने ती अक्षरे अगदी बारीक आणि एका ओळीत बसवली. रंग ओला होता, म्हणून आईने ते कासव उलटे मांडीवर धरले आणि गावापर्यंत तिला गाडी लागली नाही. गावी ते ट्रंकेत साड्यांच्या खाली गेले आणि मुंबईला परतल्यावरच बाहेर आले.

कोकणचे खरे सौंदर्य निराळे आहे, रस्त्याकडेच्या असल्या भडक वस्तूंनी ते झाकले जाते, असे लोक म्हणतात, तेव्हा मला वाईट वाटते. निराळे सौंदर्य पाहायला सवड लागते. आईसारख्या बायकांच्या हाती गाडी थांबलेली दहा मिनिटे असत, आणि तेवढ्यात जे हाताला लागेल ते त्यांना या दुकानांनी दिले. शंखशिंपल्यांच्या काही जातींना २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सूचीत घेतले गेले, हे योग्यच झाले, आणि आज मी स्वतः असे काही विकत घेणार नाही. पण दुकाने दिसली की मी थांबते. रस्ता आता रुंद झाला आहे, कशेडीच्या बोगद्यातून २०२३ पासून वाहने जाऊ लागली आहेत, आणि वळणे गेल्यामुळे आईला हल्ली गाडी लागत नाही. तरीही परशुरामला पोचलो की ती थांबायला सांगते.

दिवाळीच्या साफसफाईत ते कासव मीच पुसते. पाठीवरचे ‘गणपतीपुळे’ बरेच फिकट झाले आहे, पण पोटावरची अक्षरे अजून स्पष्ट आहेत. ते नाव मी इथे लिहीत नाही. पुढच्या खेपेला याल तेव्हा आईला विचारा आणि तिने हो म्हटले तर कासव उलटे करून वाचा.