मागचं किचन, पुढचा बेड आणि मधलं वजन

कॅम्पिंगला जाऊन हॉट डॉग आणि मॅगीवर ज्यांचं भागतं त्यांनी ही पोस्ट नाही वाचली तरी चालेल, तुम्हाला गाडीमागे ओढायचा कुठलाही राहता ट्रेलर चालेल. ही आमच्यासारख्यांसाठी आहे, ज्यांना दुसऱ्याच संध्याकाळी वरण-भात आठवतो आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी हळूच विचारतं, पोळ्या करायच्या का.

न्यू जर्सीत राहणाऱ्याला ट्रेलर बघायला सगळ्यात सोयीचं ठिकाण म्हणजे पेनसिल्व्हेनियातलं हर्शी, तिथे सप्टेंबरात मोठा आरव्ही शो, म्हणजे राहत्या गाड्या आणि ट्रेलरांचं प्रदर्शन, असतो. एका दिवसात इतके ट्रेलर आतून बघून होतात की संध्याकाळी कुठला सोफा कुठल्यात होता ते आठवत नाही, म्हणून फोटो काढताना आधी बाहेरच्या मॉडेल नंबरचा काढायचा. त्या नंबरातच बहुतेक वेळा प्लॅन लिहिलेला असतो. बीएच म्हणजे बंकहाउस, पोरांसाठी एकावर एक बेड असलेला. आरएल म्हणजे मागे सोफे, आरबी म्हणजे मागे बाथरूम, आणि आम्ही ज्याच्या मागे लागलोय तो आरके, किचन अगदी मागच्या भिंतीला. सगळ्या कंपन्या हीच अक्षरं वापरतात असं नाही पण अंदाज येतो. आणि आकड्यावर जाऊ नका, 25 लिहिलेला ट्रेलर हिचपासून, म्हणजे गाडीला जोडतात त्या पुढच्या टोकापासून, मागच्या बंपरपर्यंत मोजला तर 29 फूटही भरतो. कॅम्पग्राउंडवाले खरी लांबी धरतात, कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कच्या अप्पर पाइन्स कॅम्पग्राउंडमध्ये ट्रेलरला 24 फुटांची मर्यादा आहे, म्हणजे तिथे आरके जवळजवळ बादच.

तर आरकेच का. पहिलं कारण फोडणी. आम्ही भाड्याने घेतलेल्या ट्रेलरमध्ये किचन मधोमध होतं, बेडपासून चार पावलांवर. हिंग-मोहरी तडतडली की स्मोक अलार्म बोंबलायला लागायचा आणि रात्री उशीला कढीपत्त्याचा वास. आरकेमध्ये बेड पुढच्या टोकाला, मध्ये बाथरूम, मग बसायची जागा, मग किचन. वास अजिबात जात नाही असं नाही, एसी डक्टचा असेल तर तो आतलीच हवा फिरवतो आणि सगळीकडे समान वाटप करतो. पण दार बंद केलं की बेडरूम बऱ्यापैकी वाचते.

मात्र चुलीवरचा हूड खरंच बाहेर हवा फेकतो का ते बघा. बऱ्याच ट्रेलरमध्ये तो नुसता जाळीतून हवा फिरवून परत तुमच्याच तोंडावर सोडतो. ओळखायची युक्ती सोपी आहे, बाहेर जाऊन चुलीच्या मागच्या भिंतीवर झडप आहे का बघायचं. झडप असेल तर प्रवासात ती खिटी लावून बंद करायची आणि स्वयंपाक करायच्या आधी आठवणीने उघडायची.

दुसरं कारण ओटा. मागची पूर्ण भिंत आणि दोन्ही कोपरे मिळतात त्यामुळे ओटा यू किंवा एल आकाराचा होतो. शोमध्ये मी सरळ हाताने हवेत पोळ्या लाटून बघते, लोक बघतात बघू देत. पोळपाट ठेवल्यावर शेजारी परात राहते का, आणि तीन बर्नर म्हणतात त्यावर कुकर आणि तवा एका वेळी बसतात का? बहुतेक ठिकाणी नाही बसत, बर्नर इतके जवळ असतात की कुकर ठेवला की तवा अर्धा बाहेर. म्हणून कुकर इन्स्टंट पॉटवर ढकलायचा, पण 30 अँपच्या कनेक्शनवर सगळे मिळून 3600 वॉट असतात, एसी, मायक्रोवेव्ह आणि इन्स्टंट पॉट तिन्ही लावले की ब्रेकर पडलाच म्हणून समजा.

तिसरं कारण माझं लाडकं आहे आणि कुठलाच सेल्समन ते सांगत नाही. बॅक-इन साइटवर ट्रेलर उलटा आत घालतात, म्हणजे पुढचं तोंड रस्त्याकडे आणि मागची बाजू झाडांकडे. मागची खिडकी हा ट्रेलरमधला सगळ्यात भारी व्ह्यू. आरएलवाले तो सोफ्याला देतात, आरकेमध्ये तो भांडी घासणाऱ्याला मिळतो. नवऱ्याला आरएल हवा होता. मी म्हटलं, अरे सोफ्यावर बसून तू फोनच बघणार आहेस, तुला खिडकी कशाला. तर म्हणे, अगं मग भांडी मीच घासतो. लिहून ठेवलंय.

आता वजन, इथे मात्र मी त्याचं ऐकते कारण ओढणार तो आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण 10 ते 15 टक्के वजन पुढे हिचवर यायला हवं, त्याला टंग वेट म्हणतात. ते कमी पडलं की हायवेवर मोठा ट्रक शेजारून गेला तरी ट्रेलर शेपूट हलवायला लागतो आणि ते लवकर हाताबाहेर जातं. आरकेमध्ये फ्रिज, चूल, डबे, डाळ-तांदूळ सगळं चाकांच्या मागे. हे सी-सॉसारखं आहे, मागे बसवलेलं वजन पुढचं टोक उचलतं. समजा चाकांपासून हिच 17 फुटांवर आहे आणि तुम्ही 10 फूट मागे 150 पाउंड सामान भरलंत, तर हिचवरचं वजन जवळजवळ 88 पाउंडांनी कमी होतं. भरलेला ट्रेलर 7000 पाउंडांचा आणि टंग वेट 840, म्हणजे बरोबर 12 टक्के असेल, तर एवढ्या एका किराण्याने ते साडेदहावर येतं. आणि तेवढा किराणा आपण एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांत एका फेरीत भरतो.

गंमत म्हणजे ब्रोशरमध्ये आरकेचं हिच वेट, म्हणजे हेच टंग वेट, कमी दिसतं तेव्हा पिकअपवाल्यांना आनंद होतो. आमच्या पिकअपच्या दारावरच्या स्टिकरवर पेलोड, म्हणजे पिकअपवर एकूण किती वजन टाकता येतं तो आकडा, साधारण 1500 पाउंड आहे. त्यात आम्ही दोघं, हिचचं धूड, मागचं सामान धरलं की 600 तर गेलेच, वर 840 टाकले की संपलं. मग कमी आकडा मोहात पाडतो, पण तो रिकाम्या ट्रेलरचा असतो, सामान भरून ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर चढवल्याशिवाय खरा आकडा कळत नाही.

म्हणून आम्ही आता एकच प्रश्न आधी विचारतो, पाण्याची टाकी कुठे आहे. 40 गॅलन पाणी म्हणजे 330 पाउंड. टाकी चाकांच्या पुढे असेल तर मागच्या किचनला तोल मिळतो, मागे असेल तर विषयच संपला. जड डबे पुढच्या स्टोरेजमध्ये आणि किचनमध्ये फक्त दोन दिवसांचं, असंही करता येतं, पण सुट्टीवर जाऊन रोज तूरडाळीसाठी बाहेर जाऊन वाकायचं मला जमणार नाही.

मागचा भाग प्रवासात आदळतोही सगळ्यात जास्त. काचेच्या प्लेट्सवाल्यांनी काय ते बघावं, आपली स्टीलची भांडी आहेत, फक्त मसाल्याच्या डब्याला रबर लावा नाहीतर हळद सगळीकडे.

अजून एक बघायचं म्हणजे स्लाइड, म्हणजे मुक्कामी बाहेर सरकवायचा भिंतीचा भाग, बंद असताना फ्रिजपर्यंत जाता येतं का. शोमध्ये सगळ्या स्लाइड उघड्या असतात म्हणून आतून बंगला वाटतो. डीलरच्या यार्डात जाऊन ती बंद करायला लावायची आणि मग आत शिरायचं. काहींमध्ये सोफा सरकून फ्रिजचं दारच अडतं, म्हणजे टर्नपाइकच्या सर्व्हिस एरियात थांबून दहीभात खायचा तर आख्खी स्लाइड पार्किंगमध्ये बाहेर काढा.

सांडपाण्याचंही आहेच. स्टेट पार्कांमध्ये बऱ्याच साइटवर नुसती वीज असते, सांडपाण्याची जोडणी नसते, आणि रोज रांधणाऱ्यांची ग्रे टँक, म्हणजे सिंक-शॉवरच्या सांडपाण्याची टाकी, आधी भरते. काही आरकेंना किचनसाठी वेगळी टाकी असते ती चांगलीच, पण तिचं तोंड मागे वेगळं असेल तर टाक्या रिकाम्या करायच्या डंप स्टेशनवर एकदा पाइप लावून भागत नाही, गाडी पुढे घेऊन परत लावायचा, मागे रांग. शिवाय पाण्याचा हीटर पुढे असेल तर मागच्या नळाला गरम पाणी येईपर्यंत बरंच थंड पाणी त्याच टाकीत जातं.

सध्या दोन मॉडेल यादीत उरलीत. एकाची खिडकी मोठी आहे, दुसऱ्याची टाकी पुढे आहे. पहिल्याची टाकी नक्की कुठे ते विचारलं तर डीलरकडचा मुलगा खाली वाकून बराच वेळ बघत होता, फोन करून कळवतो म्हणाला. फोन नाही आला तर शनिवारी टॉर्च घेऊन आम्हीच खाली शिरणार आहोत.