रविवारी दवाखाना बंद का असतो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे आणि तो रविवारी बंद असतो. नवा रुग्ण पहिल्या-दुसऱ्या भेटीतच विचारतो, "डॉक्टरसाहेब, रविवारी माणूस आजारी पडत नाही का?" प्रश्न रास्त आहे, कारण नोकरदार माणसाला स्वतःच्या दुखण्याकडे पाहायला रविवारच मोकळा सापडतो. म्हणूनच त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे.

आधी सोयीचे सांगतो. तातडीच्या रुग्णांसाठी गावातल्या आम्ही तिघा डॉक्टरांनी रविवारच्या पाळ्या लावून घेतल्या आहेत. ज्याची पाळी असेल तो तिघांचेही रुग्ण पाहतो आणि त्या आठवड्यात बुधवारी सुटी घेतो. औषधांची नोंद असलेला कागद प्रत्येक रुग्णाच्या घरी असतो, त्यामुळे दुसऱ्या डॉक्टरला अंधारात चाचपडावे लागत नाही. छातीत कळ आली तर कोणाचीही वाट न पाहता १०८ क्रमांकाला फोन करायचा, हे आम्ही सर्वांना पुन्हा पुन्हा सांगतो. बंद असते ती फक्त नेहमीची तपासणी. माझ्याबरोबर कंपाउंडर आणि सिस्टर यांनाही त्या दिवशी सुटी असते, आणि माझ्या लेखी ती माझ्या सुटीइतकीच महत्त्वाची आहे, कारण इंजेक्शनची मात्रा सिरिंजमध्ये भरणारा हात त्यांचा असतो.

थकलेल्या माणसाच्या हातून काय होते, हे वैद्यकशास्त्राने मोजून पाहिले आहे. २००० साली ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या दोन संशोधकांनी दाखवून दिले की सलग सतरा ते एकोणीस तास जागे राहिलेल्या माणसाची काही चाचण्यांमधली कामगिरी, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी किंवा त्याहूनही खालावते. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याने वाहनचालकासाठी ०.०३ टक्के ही मर्यादा घातली आहे. म्हणजे जी गुंगी घेऊन दुचाकी चालवणेही गुन्हा ठरले असते, तितकीच गुंगी घेऊन एखादा निवासी डॉक्टर पहाटे सलाईनचा वेग ठरवत असतो, आणि त्याला कोणी अडवत नाही. २००४ साली बोस्टनच्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागांतल्या अभ्यासात असे आढळले की प्रदीर्घ पाळ्यांच्या जुन्या वेळापत्रकात शिकाऊ डॉक्टरांकडून होणाऱ्या गंभीर चुका, पाळ्या लहान केलेल्या वेळापत्रकाच्या तुलनेत ३६ टक्क्यांनी अधिक होत्या. आपल्या देशात वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी नेमलेल्या राष्ट्रीय कृतिदलाने २०२४ साली निवासी डॉक्टरांच्या कामाला आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली. चौऱ्याहत्तर तास ही सुधारणा म्हणून सुचवावी लागते, यावरून आधीची स्थिती कळावी. माझेही निवासाचे दिवस तसेच गेले, आणि झोपेविना काम करणे म्हणजे सेवाभाव, ही तिथे मिळणारी शिकवण मला तेव्हाही पटली नव्हती.

हेच रुग्णांच्या बाबतीतही खरे आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ३५ टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. रक्तदाबाची गोळी लिहून देताना मी विश्रांतीबद्दलही बोलतो, आणि समोरचा माणूस मनापासून मान डोलावून म्हणतो, "एवढं काम संपलं की घेतो." त्याचा हेतू शुद्ध असतो. पण पेरणी संपली की खुरपणी येते, मार्चअखेर संपली की नव्या वर्षाचे हिशेब येतात. जी विश्रांती कामाच्या शेवटावर सोपवली जाते ती कधीच मिळत नाही. ती वार ठरवून, आणि इतरांच्या संमतीने, आधीच बाजूला काढून ठेवावी लागते, असे माझे ठाम मत आहे.

आपल्या रविवारचा इतिहास हेच सांगतो. मुंबईच्या कापड गिरण्यांत मजूर सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबत, आणि १८८१ च्या कारखाना कायद्याने लहान मुलांना थोडे संरक्षण दिले तरी मोठ्यांच्या कामाच्या तासांना काहीच मर्यादा घातली नाही. सत्यशोधक कार्यकर्ते आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मजुरांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार मजुरांच्या सह्यांचे निवेदन सरकारने नेमलेल्या आयोगापुढे ठेवले. त्यातली पहिली मागणी दर रविवारी पूर्ण सुटीची होती, आणि दुपारी अर्धा तास विसाव्याचीही होती. पुढे एप्रिल १८९० मध्ये सुमारे दहा हजार मजुरांची सभा झाली, तीत दोन स्त्री कामगारही बोलल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुटी मान्य केली. या सर्व हकिकतीत मला सर्वांत मोलाची वाटते ती एकच गोष्ट: एकट्या मजुराने कितीही निर्धार केला असता तरी त्याला रविवार मिळाला नसता, कारण तो घरी राहिला असता तर त्याच्या जागी दुसरा उभा केला गेला असता.

आज ज्यांना मालक नाही, त्यांची अडचण वेगळ्या रूपात तीच आहे. पूर्वी दुकानांना आठवड्यातून एक दिवस बंद ठेवणे बंधनकारक होते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षाचे ३६५ दिवस दुकान उघडे ठेवण्याची मुभा दिली आणि मोठ्या आस्थापनांतल्या कामगाराला मात्र आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुटी राखून ठेवली. कामगारापुरते ते योग्यच झाले, पण गल्ल्यावर स्वतः बसणाऱ्या छोट्या दुकानदाराचा वार त्यात गेला. शेजारचे दुकान उघडे असताना त्याने आपले बंद कसे ठेवावे?

आणि घरातल्या बाईचा वार तर कोणत्याच कायद्यात कधी नव्हता. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. पोळ्याला आपण बैलाच्या मानेवर जू ठेवत नाही, ही आपल्या संस्कृतीतली फार सुंदर गोष्ट आहे, पण त्याच दिवशी पुरण वाटणाऱ्या बाईचा कणा सकाळपासून वाकलेला असतो. कंबरदुखीने माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी स्त्रियांना मी विश्रांती सांगितली आणि त्या नुसत्या हसल्या. त्यांच्या हसण्याचा अर्थ मला कळतो, आणि म्हणून अलीकडे मी नवऱ्यालाही आत बोलावून घेतो. आठवड्यातल्या कोणत्या दोन वेळचा स्वयंपाक तो आणि मुले करणार, हे तिघा-चौघांसमोर ठरवून मी ते केसपेपरवर औषधांच्या खाली लिहितो आणि पुढच्या भेटीत गोळ्यांइतक्याच गांभीर्याने त्याबद्दल विचारतो. सगळीकडे ते टिकते असे नाही; सुगीत आणि लग्नसराईत बहुधा मोडते. टिकते तिथे मला दुखणे कमी झालेले दिसले आहे.

दुकानदारांनाही मी हेच सांगतो की एकट्याने दुकान बंद ठेवून झुरत बसू नका, आपल्या ओळीतल्या सगळ्या दुकानदारांशी बोला आणि मिळून एक वार ठरवा. आम्ही तिघा डॉक्टरांनीही तेच केले. रुग्ण तुटतील ही भीती तिघांच्याही मनात होती, आणि पाळ्यांचा कागद तिन्ही दवाखान्यांच्या दारावर एकाच दिवशी लागला, म्हणूनच ती निभावून नेता आली. या महिन्याचा कागद दारावर लावलेला आहे. येत्या रविवारी कोणाकडे जायचे, ते त्यावर पाहून ठेवावे.